सासूबाईंच्या पाटल्या आणि महागाचा ओव्हन

ओव्हनचं दार लॉक झालं तेव्हा सासूबाईंच्या पाटल्या आत होत्या, आणि सासूबाई ह्यूस्टनच्या विमानतळावर उतरल्या होत्या.

मी दार ओढलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग एक पाय शेजारच्या कपाटाला लावून ओढलं, तर कपाटाचं दार उघडलं आणि मी खाली बसले. काचेला हात लावला तर चटका. स्क्रीनवर इंग्लिशमध्ये ढीगभर लिहून आलं होतं, त्यातलं मला एक 'क्लीन' वाचता आलं आणि शेजारचे आकडे कळले. अजून दोन तास चाळीस मिनिटं. आमची मिहू, अडीच वर्षांची, नाक धरून उभी. म्हणाली, "मम्मा, इट्स स्टिंकी."

आता तुम्ही म्हणाल, पाटल्या ओव्हनमध्ये कोण ठेवतं. सांगते ना, जरा दम घेऊ द्या.

आम्ही ह्यूस्टनजवळ शुगर लँडला राहतो. इथे मधूनमधून बातमी येते की अमुक गल्लीत इंडियन लोकांचं घर फोडलं, कारण चोरांना पक्कं ठाऊक झालंय की आपल्या घरात सोनं असतं. कुठे असतं तेही ठाऊक झालंय. तांदळाचा डबा, देवघर, साड्यांच्या घड्या, सगळं त्यांना पाठ. माझ्या पाटल्या एरवी बँकेच्या लॉकरमध्ये असतात. पण आई, म्हणजे सासूबाई, येणार म्हणून आदल्या दिवशी काढून आणल्या. कारण त्या पाटल्या आईंनी लग्नात स्वतःच्या हातातून काढून माझ्या हातात घातलेल्या. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाल्या होत्या, "भरीव आहेत हो. आजकालच्या पोकळ नव्हेत." आता चार वर्षांनी येणार, तर दारात त्या हातात नकोत का?

पण मधली एक रात्र ठेवू कुठे? मी दोन घरं सोडून राहणाऱ्या वैशाली काकूंना विचारलं. काकू नागपूरच्या, मुलाकडे राहतात, आणि त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं.

"ओव्हनमधी ठेव ना," काकू म्हणाल्या. "आपल्या घरातला ओव्हन कोणी उघडते का? आपणच उघडत नाही, चोर काहून उघडंल?"

मला पटलं. अजूनही पटतं, तीच तर पंचाईत आहे.

आता ओव्हनचं सांगते. माझा नवरा नितीन इंजिनीअर आहे आणि त्याचं एकच म्हणणं असतं, वस्तू घ्यायची तर टॉपची घ्यायची, एकदाच घ्यायची. स्वस्तातलं घेणारा दोनदा पैसे घालतो म्हणे. (तो महागातलं पण दोनदा घेतो, पण ते जाऊ दे.) आमचा फ्रीज मला रोज सांगतो की माझ्या पोटातलं दूध संपलंय, जणू मला दिसत नाही. आमचा ब्लेंडर सुरू केला की मिहू सोफ्याखाली जाते, आणि एवढं करून त्यात चटणी होत नाही, चटणीचा गारा होतो. चटणी मी अजून माहेरून आणलेल्या मिक्सरवर करते, नितीन ऑफिसला गेला की.

आणि ओव्हन तर काय विचारूच नका. भिंतीतला, एकावर एक दोन, मधे टीव्हीएवढा स्क्रीन. दुकानातला माणूस म्हणाला, "यू कॅन कूक टू टर्कीज ॲट द सेम टाइम." आम्ही शाकाहारी. तरी नितीनने मान डोलावली आणि घेतला. दीड वर्ष झालं. वरच्यात मी कढई, दोन तवे, तळणीच्या तेलाची किटली आणि पुऱ्यांचा झारा ठेवते. खालचा रिकामा, कारण तिथपर्यंत वाकायला लागतं. तर मी पाटल्या मखमली बटव्यात घातल्या, बटवा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी स्टीलच्या पोळ्यांच्या डब्यात, आणि डबा खालच्या ओव्हनमध्ये अगदी मागे सरकवला. बँकेत पण एवढा बंदोबस्त नसतो.

नितीनला सांगायचं राहिलं.

सकाळी तो विमानतळावर निघाला तेव्हा मी मिहूला आंघोळ घालत होते. बाहेरून काहीतरी ओरडला, मी आतून "हो हो" म्हटलं. मग मिहूचे केस, तिचा फ्रॉक, माझी साडी, यात तास दीड तास गेला. साडी नेसले, आणि म्हटलं आता पाटल्या घालू.

म्हणजे ही वेळ, कपाटाला पाय लावायची. मी नितीनला फोन लावला.

"अरे, तू खालच्या ओव्हनला काय केलंस?"

"सेल्फ क्लीन लावलंय," नितीन खुशीत. "तुला सांगितलं ना निघताना, तू हो म्हणालीस. आतून पार भट्टी होते, जो काही मळ असेल त्याची राख. फडकं मारायला नको. म्हणून तर एवढे पैसे घातले."

"पण तो आपण कधी वापरलाच नाही, त्यात मळ कुठला?"

"म्हणून तर खालचा लावला. वरच्यात तुझी भांडी असतात."

"अरे नितीन, ऐक, त्याच्या आत..."

"रूपाली," फोनमधून आईंचा आवाज आला, "कशाच्या आत गं?"

फोन गाडीच्या स्पीकरवर होता आणि आई शेजारी बसलेल्या. मी नितीनला एरवी अरे-तुरे करते, पण आईंसमोर अहो. तर मी त्याच वाक्यात गाडी वळवली. "अहो, आई, नमस्कार. प्रवास नीट झाला ना? काही नाही, आत आपला पोळ्यांचा डबा राहिलाय."

"राहू दे," नितीन म्हणाला. "स्टीलच आहे. काही होत नाही."

"अहो, पण डब्यात आहे ना."

"काय आहे?"

मी म्हटलं, "पोळ्या."

"मग दुसऱ्या कर," आई म्हणाल्या. "पोळ्यांवाचून कोण अडलंय."

"ते बंद कसं करायचं तेवढं सांगा," मी म्हटलं, आणि माझा आवाज रडका झाला.

"मध्येच बंद करायचं नसतं, रूपाली. एवढं महागाचं मशीन आहे, त्याचं त्याला करू दे." आणि त्याने फोन ठेवला, कारण रस्त्यावर काहीतरी एक्झिट आली.

तुम्हाला कधी असं झालंय का, की भीतीने हातपाय गार पडलेत आणि समोर भट्टी पेटलीय? मी काकूंना फोन केला. काकू गाउनवर ओढणी टाकून पळतच आल्या. त्यांनी ओव्हनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "मी ठेव म्हटलं होतं, पेटव कुठं म्हटलं होतं?"

"काकू, सोनं वितळतं का हो?"

"सोनाराकडे वितळते. घरी कोणी करून पाहिलं नाही, बाई." मग त्या स्क्रीनवर बोट दाबत सुटल्या. स्क्रीनने तीनदा टुंग टुंग केलं, कुलपाचं चित्र दाखवलं आणि मग आमच्याशी बोलणंच बंद केलं. "जास्त शहाणी आहे मशीन," काकू म्हणाल्या. "माझ्या जुन्या ओव्हनला एक कान होता. पिळला की बंद. दार तर लागतच नव्हतं, खुर्ची लावून ठेवावं लागे."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दार न लागणारा ओव्हन ही किती मोठी सोय असते.

मग काकूंना सुचलं की मेन स्विच पाडायचा. आम्ही गॅरेजमध्ये गेलो. पत्र्याच्या पेटीत तीसेक खटके, आणि कुठला कशाचा ते घर बांधणाऱ्याने पेन्सिलीने खरडलेलं. मला छापलेलं इंग्लिश धड वाचता येत नाही, हे कुठून वाचणार? काकूंचा चष्मा घरी. "सगळेच पाड," काकू म्हणाल्या. मी सगळे पाडले.

घर एकदम शांत झालं. ओव्हनची स्क्रीन काळी पडली. मी पळत जाऊन दार ओढलं. नाही उघडलं. कसं उघडेल? ते कुलूप पण करंटवरच चालणारं. आता तर त्याला उघडायचं असतं तरी उघडता आलं नसतं. वर एसी बंद. ऑगस्ट महिना, ह्यूस्टनचा उकाडा, पाच मिनिटांत माझी साडी अंगाला चिकटली आणि काकूंनी वर्तमानपत्राने वारा घालायला घेतला, मला नाही, ओव्हनला.

आणि मग दाराच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ आली. बटवा गेला, मी म्हटलं. धूर पण कसला, गोडसर, कडवट, देवळात काहीतरी करपल्यासारखा. तेवढ्यात छताचा, धूर ओळखणारा भोंगा बोंबलायला लागला. (तोही टॉपचा. लाइट गेले तरी बोंबलतो, हे त्याचं खास.) एक बोंबलला की घरातले सगळे बोंबलतात. मिहूने कानावर हात ठेवले आणि त्यात आपलाही आवाज मिसळला.

फोन वाजला. भोंग्याच्या कंपनीतली बाई. ती भराभरा इंग्लिशमध्ये काहीतरी विचारत होती. आता माझी एक सवय आहे, इंग्लिश कळलं नाही की मी यस म्हणते. नो म्हटलं तर पुढे का ते सांगावं लागतं, यस म्हटलं की लोक खूश होऊन जातात. या सवयीपायी आमच्याकडे गाड्यांचं एक आणि मासेमारीचं एक अशी दोन मासिकं येतात. मी तिला चार वेळा यस म्हटलं. ती म्हणाली, "स्टे आउटसाइड, हनी." एवढी प्रेमाने बोलली की मला बरं वाटलं.

सात मिनिटांत आगीचा बंब आला.

तुम्हाला सांगते, त्या बंबाएवढी लाल वस्तू मी जन्मात बघितली नव्हती. त्यातून चार माणसं उतरली, एकेक दरवाजाएवढा. मी साडीत, कडेवर मिहू, शेजारी काकू गाउनमध्ये हातात वर्तमानपत्र घेऊन, आणि गल्लीतले सगळे आपापल्या हिरवळीवर. आणि नेमकी त्याच वेळी बंबाच्या मागे आमची गाडी येऊन थांबली.

नितीनने आतूनच गॅरेजचं बटण दाबलं. गॅरेज उघडेना, करंट कुठे होता? तो दाबतोय, दाबतोय. आई खाली उतरल्या. नऊवारी नाही हो, पंजाबी ड्रेस आणि पायात बूट, पण चेहरा तोच. त्यांनी बंब बघितला, मग मला बघितलं, आणि म्हणाल्या, "पोळ्या एवढ्या पेटल्या?"

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी आशीर्वाद द्यायला हात पुढे केला आणि त्यांची नजर माझ्या मनगटांवर गेली. मोकळी मनगटं. दारातून आत आल्या, उभ्या राहिल्या, नाक वर करून एक दीर्घ श्वास घेतला, आणि त्यांचा रंग उतरला. मी म्हटलं झालं, कळलं यांना. आता मला परत पाठवणार, मिहूला ठेवून घेणार.

त्या दरवाजाएवढ्या माणसांतल्या सगळ्यात मोठ्या गड्याने सगळं घर हुंगलं, ओव्हनपाशी उभा राहिला आणि नितीनला विचारलं, "व्हॉट वॉज इन देअर?"

नितीन म्हणाला, "फ्लॅटब्रेड."

"नो," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा नो म्हटलं बघा. "गोल्ड. मदर-इन-लॉ गोल्ड."

नितीन माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणजे आठवू नये असं वाटतं तरी. बंबवाला काय म्हणाला ते नितीनने सांगितलं, "फोडायची गरज नाही. करंट चालू करा, गार झालं असेल तर आपोआप उघडेल. नसेल तर थांबा." तो आणि नितीन गॅरेजमध्ये गेले. खटके वर केले. फ्रीज म्हणाला, दूध संपलंय. ओव्हन मात्र अजून गरम होता, उघडेना. तर थांबायचं. आईंना काही सुचेनासं झालं की त्या लोकांना खाऊ घालतात. त्यांनी बॅग उघडली, लसणाचा चिवडा काढला, वाट्या मागितल्या. चार बंबवाले आमच्या डायनिंग टेबलला हेल्मेट काढून बसले आणि डोळ्यांतून पाणी काढत चिवडा खाल्ला. एकाने आणखी मागितला. मी कोपऱ्यात उभी राहून देवाला म्हणत होते, निदान गोळा तरी राहू दे. गोळ्याच्या परत पाटल्या करता येतील.

टक् करून आवाज झाला. दार सुटलं.

त्या मोठ्या गड्याने हातमोजे घालून डबा बाहेर काढला. ओव्हन आतून चकचकीत, त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. डबा निळा-जांभळा झालेला. झाकण उघडलं. बटवा नव्हताच. पाटल्या होत्या. काळवंडलेल्या, चेपलेल्या, शिळ्या पापडासारख्या, आणि त्यांच्या पोटातून काळी-तपकिरी लाख उकळून बाहेर आलेली, डब्याच्या तळाला गुळाच्या पाकासारखी थिजून बसलेली.

नितीन डब्यावर वाकला.

"हे काय आहे?" नितीन म्हणाला. "आई, या तर भरीव होत्या ना?"

आई म्हणाल्या, "आधी त्या पाहुण्यांना पोचवून ये."

नितीन बंबवाल्यांना सोडायला बाहेर गेला, काकू चष्मा आणायच्या निमित्ताने घरी पळाल्या, आणि आईंनी माझा दंड धरून मला वाणसामानाच्या खोलीत ओढलं. डाळी-तांदळाच्या गोण्यांमध्ये आम्ही दोघी. मी रडायलाच लागले. "आई, चुकले. मला बोला, मारा, पण..."

"गप," आई म्हणाल्या. "दारातच वास आला मला. लाख जळाली की असा वास येतो. मला वाटलं, सगळं संपलं आता."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच घेतल्या तर ठाऊक नसेल?" त्या एका गोणीवर बसल्या. "माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पाटल्या भरीव. मला तसल्याच हव्या होत्या. पण तसल्या घ्यायच्या तर एकच आली असती. सराफ म्हणाला, वहिनी, लाख भरलेल्या घ्या, दिसायला तसूभर फरक नाही. आणि नव्हताच. तीस वर्षं मिरवल्या, जाऊबाईंच्या मांडीला मांडी लावून बसले. त्यांना कळलं नाही, माझ्या नवऱ्याला कळलं नाही. मग मला वाटायला लागलं, जास्तीचे पैसे कशाला घालायचे असतात? बघणाऱ्याचे डोळे तर सारखेच असतात." मग ओव्हनच्या दिशेने बघून म्हणाल्या, "यानेच ओळखल्या बघ. एवढं महागाचं मशीन शेवटी कामाला आलं म्हणायचं."

मला हसू आलं, आणि रडू तर चालूच होतं. त्यांनी ओढणीच्या टोकाने माझं नाक पुसलं. मिहूचं पुसावं तसं.

"हे बघ रूपाली," त्या म्हणाल्या, "ओव्हनमध्ये ठेवायला मीच फोनवर सांगितलं होतं असं मी नितीनला सांगते. तुझ्यावर काही येत नाही. पण लाखेचं तू त्याला सांगायचं नाहीस. मरेपर्यंत नाही."

मी यस म्हटलं. कळून म्हटलं.

बाहेर आलो तर नितीन फोनवर. बार्शीला, त्याच्या थोरल्या काकांना. "नाही काका, सरळ फसवणूक आहे. तीस वर्षं माझ्या आईला फसवलं त्या सराफाने. तुम्ही उद्या दुकान उघडायच्या आधी जाऊन बसा. मी फोटो पाठवतो." आईंनी माझ्या पाठीला हळूच चिमटा काढला. त्या बिचाऱ्या सराफाचं काय चुकलं होतं? त्याने तर सांगून-सवरून विकल्या होत्या. आणि फोनमधून मागून आईंच्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज, "काय झालं? कुणाच्या पाटल्या? लाख?"

नितीनने फोन माझ्यासमोर धरला. "रूपाली, तू घातल्यात ना त्या सणासुदीला? सांग काकांना. भरीव होत्या की नव्हत्या? हाताला वजन लागत होतं की नाही?"

खरं सांगितलं तर आईंची तीस वर्षं जाऊबाईंसमोर उघडी पडणार. भरीव होत्या म्हटलं तर लाख आली कुठून? सराफाला चोर म्हणू द्यावं, तर तो माणूस उद्या सकाळी विनाकारण मार खाणार. आई जमिनीकडे बघतायत. बार्शी फोनमध्ये कान लावून बसलीय. नितीनच्या भुवया वर.

मी म्हटलं, "भरीवच होत्या. आपल्या ओव्हननेच केलं ते. फार महागाचा आहे ना. जास्त तापला की सोन्याचीच लाख होत असेल."

फ्रीज म्हणाला, दूध संपलंय. इंजिनीअर माणसाने फोन पाठीमागे धरला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "रूपाली, तू बारावीला सायन्स घेतलं होतंस ना?"

"म्हणून तर नापास झाले," मी म्हटलं.

हसा, हसा. पण मला एक सांगा, तिथे तुम्ही उभे असता, तर तुम्ही काय सांगितलं असतं?